मानलेला भाऊ

जळगाव,
१५ डिसेंबर १९६९

प्रिय प्रमिला,

तुझ्या नानांचं कार्ड आलं. खोलीचा पत्ता दिला असतानाही ते जिनिंगच्या पत्त्यावरच कार्ड टाकतात आणि आमचे दिवाणजी टपाल हातात देण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतात. वजनकाट्यापाशी कपाशीच्या गाड्या उभ्या, गाडीवान जुवावर बसलेले, आणि दिवाणजी वाचताहेत: "चाळीसगावास प्रमिलासाठी एक स्थळ आहे. मुलगा जीवराम, शाळेत मास्तर. तुझ्या काकूचा दमा उसळला आहे, माझ्याने प्रवास होत नाही. तू तिचा भाऊ. नाताळात एक दिवस काढून मुलगा, घर, माणसं बघून ये आणि असेल ते खरं कळव. तुझ्या शब्दावर पुढे जाऊ."

दिवाणजी म्हणाले, "पितांबर, आता कानपिळीची तयारी कर. नवरदेवाचा कान असा पीळ, की उपरण्याबरोबर सदऱ्याचं कापडही मिळालं पाहिजे." गाडीवान हसले. मीही हसलो. न हसून काय सांगणार होतो त्यांना?

हंगाम भरात आहे. दिवसभर काट्यापाशी उभा असतो. नाकातोंडात रुई जाते, रात्री खोकतो, सकाळी परत तिथेच. कालपासून तर वजन एकदा बघून भागत नाही, दोनदा बघतो. डोळे काट्यावर असतात, पण डोकं नानांच्या कार्डात.

नानांना नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल. खरं कारण सांगितलं तर तुमच्या घराचं दार मला बंद होईल. दोन वर्षं तुमच्या अंगणातल्या खोलीत राहून मी कॉलेज केलं. काकूंनी, तुझ्या आईने, मला आपल्या चुलीवरची भाकरी घातली. तुझ्याच हातून भाऊबीजेला ओवाळून घेऊन त्या घरचा मुलगा झालो. म्हणून तर हे पत्रही कोणी न उघडता तुझ्या हातात देतील. सख्ख्या बापलेकींत नाही एवढी मोकळीक आपल्याला मिळाली ती या नात्यामुळेच, हे मला कळतं.

तरी लिहितो. तोंडाने कधी बोललो नसतो. हे दमलेल्या माणसाचं धाडस समज. मला तुझा भाऊ व्हायचं नव्हतं, प्रमिला. तेव्हाही नव्हतं आणि आत्ताही नाही.

तुला हे स्थळ ठाऊक आहे का? हो म्हणालीस का? तसं असेल तर हे पत्र चुलीत घाल. मी चाळीसगावला जाईन आणि भावासारखा वागेन.

काकूंना रात्री सुंठेचा काढा देत जा.

पितांबर


धुळे,
१९ डिसेंबर

पितांबर,

वर 'भाऊ' लिहायला पेन उचललं होतं, पण तुझं पत्र वाचल्यावर हात तिथेच थांबला.

पत्र आईने न उघडता दिलं. वर म्हणाली, "बघ, भावाला किती काळजी. लग्गेच उत्तर आलं." मग मी मोरीवर भांडी घेऊन बसले आणि तिथे वाचलं. राखेच्या हातांनी वाचल्यामुळे कडा काळ्या झाल्या आहेत. चुलीत घातलेलं नाही.

तुला भाऊ व्हायचं नव्हतं, तर पाटावर बसलास कशाला? पहिल्या भाऊबीजेला मी ताट घेऊन तुझ्यासमोर किती वेळ उभी होते ते तुला आठवतं का? मला वाटत होतं, आता हा काहीतरी बोलेल. पोट दुखतं म्हणेल. कॉलेजात तास आहे म्हणेल, दिवाळीत तास नसला तरी म्हणेल. तू टोपी नीट केलीस आणि मान पुढे केलीस. मग मी काय करायचं होतं? ताट तुझ्या डोक्यावर पालथं घालायचं होतं?

त्यानंतर आणखी दोन भाऊबीजा झाल्या. यंदा तर तू जळगावहून मुद्दाम आलास. आईने सगळ्या गल्लीला सांगितलं, नोकरी लागली तरी पोरगा बहिणीला विसरला नाही.

स्थळाचं म्हणशील तर मला कोणी विचारलं नाही. नाना जेवताना म्हणाले, "दोघंही मास्तर. भांडण झालं तरी शुद्ध भाषेत होईल." आई हसली आणि हसता हसता तिला ढास लागली. मग मी तिची पाठ चोळत बसले. विषय तेवढ्यावरच राहिला.

सोमवारपासून मास्तरकीच्या ट्रेनिंगला सुट्टी. बरोबरच्या मुली म्हणतात, आता झोपा काढायच्या. आमच्याकडे सुट्टी म्हणजे मी दिवसभर घरात सापडते एवढंच. आईला धुराने त्रास होतो म्हणून चूल माझ्याकडे. पाणी, दळण, धुणं, आणि मधल्या वेळात सराव पाठांचे तक्ते. काल नकाशात तापी काढता काढता बसल्या जागी डोळा लागला. नदी गुजरातच्या पुढे समुद्रात गेली ती गेलीच.

तू चाळीसगावला जा. नाना तुझ्या शब्दावर थांबलेत आणि त्यांनी दुसऱ्या कोणाला पाठवलं तर तो काय सांगेल ते देव जाणे. जा आणि असेल ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल, तुझं अक्षर खोटं लिहिताना बारीक होतं. आणि खरं लिहिलंस तर काय होईल ते मलाही सांगता येत नाही.

खोकल्यावर काहीतरी घे. सुंठ तुझ्याही गावात मिळते.

प्रमिला


जळगाव,
२६ डिसेंबर

प्रिय प्रमिला,

काल जाऊन आलो. नाताळाची सुट्टी आमच्या जिनिंगला नसते, पण मशीनचा पट्टा तुटला म्हणून मालकांनी माणसं सोडली. पहाटेच्या गाडीने निघालो. थंडीने बोटं आखडली होती. डब्यात सगळे घोंगड्या पांघरून बसलेले, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, तेच बरं वाटलं.

वाटेत ठरवलं होतं की या माणसात काहीतरी वाईट सापडेलच. माणूस आहे, सापडायला पाहिजे. ते सापडलं की नानांना लिहीन आणि माझी सुटका होईल.

माझी तार मिळाल्यामुळे स्टेशनवर जीवराम स्वतः सायकल घेऊन आला होता. मला म्हणाला, "तुम्ही बसा मागे." मी नको म्हणालो, तर तोही सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आला. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. त्याची आई विधवा आहे, कान थोडे जड आहेत. तो तिच्याशी बोलताना आवाज चढवतो, पण चिडत नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. तंबाखू खात नाही. शाळेतल्या पोरांना मारत नाही, हे मी शेजारच्या दुकानात विचारून घेतलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर दही, असं जेवायला वाढलं. हात धुवायला मागे गेलो तर मोरीसुद्धा स्वच्छ. मला खरंच वाईट वाटलं.

जेवण झाल्यावर त्याची आई आत गेली. तो म्हणाला, "एक विचारू का? तुमच्या बहिणीला काय आवडतं, काय नाही, थोडं सांगा. नंतर कोणी सांगत नाही, आणि बायकामाणसं तर लग्नानंतर सगळंच आवडतं म्हणतात."

मी सांगायला लागलो. चहात साखर कमी लागते. भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खाते, मग भाकरी. पोरांच्या वह्या तपासताना तिचे ओठ हलतात. राग आला की बोलत नाही, भांडी जास्त जोरात घासते. थंडीत पाय गार पडतात म्हणून चुलीच्या उजव्या अंगाला बसते, कारण डाव्या बाजूला दाराचा वारा लागतो. रडू आलं तर रडत नाही, खोकते, आणि म्हणते धूर झाला. किती वेळ बोलत होतो कोण जाणे. थांबलो तेव्हा तो माझ्याकडे बघत होता.

मला पोचवायला तो स्टेशनपर्यंत आला. भिंतीला सायकल टेकवली. मग म्हणाला, "मला तीन बहिणी आहेत, पितांबरभाऊ. थोरलीला चहात किती साखर लागते ते मला माहीत नाही. राखीला येते, मी विचारतो, बरी आहेस ना? ती म्हणते बरी आहे. संपलं. भाऊ एवढं सांगत नाहीत."

मी तिकिटाच्या खिडकीकडे वळलो.

तो म्हणाला, "तुम्हाला जे लिहायचं ते तिच्या वडिलांना लिहा. मी माझ्या तोंडाने काही म्हणणार नाही." टोमणा नव्हता त्यात. दमून घरी आलेल्या माणसाला पाणी द्यावं तसं बोलला.

प्लॅटफॉर्मवर बसून मी नानांना कार्ड लिहिलं. मुलगा चांगला. घर चांगलं. माणसं चांगली. बघ, अक्षर बारीक झालेलं नसेल. चांगल्या माणसाला मी वाईट कसं लिहू? आणि पुढचं लिहायला कार्डावर जागा होती, पण हात चालला नाही.

आता तू विचारलंस ते पाटाचं. तू हसत ताट घेऊन आलीस असं मला तेव्हा वाटलं होतं. नवी साडी होती, केसांत शेवंती होती. मी समजलो की तुला हेच हवंय.

पितांबर


धुळे,
३० डिसेंबर

पितांबर,

तुझं कार्ड नानांनी दोनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा आईला ऐकवायला. आईने देवापुढे दिवा लावला. म्हणाली, "पोराने बहिणीचं भलं केलं." मग बऱ्याच दिवसांनी तिने स्वतः उठून भाजी फोडणीला टाकली. तिला एवढं बरं वाटलेलं बघून मी धुराचं निमित्त करून बाहेर आले. खोकले की नाही ते तू ओळख.

येत्या रविवारी ते लोक येताहेत. नानांनी पांझरेकाठच्या शेतातली चांगली वांगी तोडायची राखून ठेवली आहेत. स्वतः शेतावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजणार आहेत. भरीत खाल्ल्यावर धुळ्याला कोण नाही म्हणतो, असं त्यांचं गणित.

तू खरं लिहिलंस म्हणून मी चिडले नाही. अर्धं खरं लिहिलंस म्हणून चिडले आहे. त्या परक्या माणसाला जेवढं दोन तासांत कळलं तेवढं तू नानांना तीन वर्षांत कळू दिलं नाहीस. आणि मलाही.

आता माझं ऐक. शेवंती मी माळली नव्हती, आईने माळली होती. त्या दिवाळीच्या आधी शेजारच्या इंदिराबाई आईजवळ बसून म्हणाल्या होत्या, "तरणी पोर घरात आणि तरणा भाडेकरू अंगणात, भिकुबाई, तुम्ही भोळ्या आहात." आई भोळी नाही, तुला माहीत आहे. तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, "भाऊबीजेला त्याला ओवाळ. भाऊ झाला म्हणजे कोणाचं तोंड उघडायचं नाही. नाही ओवाळलंस तर त्याला दुसरी खोली बघायला सांगते."

म्हणून ओवाळलं. तू समोरच्या खोलीत राहावास म्हणून. सकाळी तू मोरीवर दात घासताना दिसावास, संध्याकाळी तुझ्या कंदिलाची वात दिसावी, एवढ्याचसाठी. मला वाटलं, आधी राहू तर दे, नात्याचं पुढे बघू. पुढे काय बघणार होते? अठरा वर्षांची होते. अक्कल तेवढीच होती.

आता तू सांग, तू का बसलास.

प्रमिला


जळगाव,
१ जानेवारी १९७०

प्रमिला,

तुझं पत्र काट्यापाशीच उघडलं. वाचून होईपर्यंत मागे गाड्यांची रांग लागली आणि एक गाडीवान ओरडला, "ओ भाऊ, बैल म्हातारे होऊन राहिले इथं."

तुझ्या आईने मलाही सांगितलं होतं. आदल्या दिवशी मी विहिरीवर पाणी काढत होतो. म्हणाल्या, "पितांबर, लोक बोलतात. उद्या प्रमिलाकडून ओवाळून घे, म्हणजे तू इथेच राहू शकशील. नाहीतर तुझं तू बघ बाबा, मला पोरीचं नाव सांभाळायचंय." मी हो म्हणालो. रात्रभर मनात एकच, की खोली सुटता कामा नये.

म्हणजे काकूंनी दोघांना वेगवेगळं गाठून एकच सांगितलं आणि दोघांनीही एकाच कारणाने ऐकलं. आपण एकमेकांना एकदा विचारलं असतं तर? पण कसं विचारणार होतो? त्या घरात आपण एकमेकांशी मोकळं बोलायला लागलो तेच ओवाळून झाल्यावर.

मला आज हसू आलं. दुपारी सरकीच्या पोत्यावर बसून राहिलो. दिवाणजींनी विचारलं, ताप आहे का? मी म्हटलं, असेल.

रविवारी पहिल्या एस.टी.ने येतो. पारोळ्यावरून ती लवकर पोचते. घरी येणार नाही. सरळ शेतावर जाईन. नाना तिथे वांगी भाजत असतील, पाहुणे यायच्या आत त्यांना गाठीन. फार काही बोलणार नाही. भाऊ म्हणून आलो नाही, एवढं सांगेन. पुढचं त्यांच्या हातात.

मार मिळाला तर खाऊन घेईन. काकूंच्या भाकरीपेक्षा तो कमीच भरेल.

पितांबर


धुळे,
८ जानेवारी

पितांबर,

हे पत्र नानांना विचारून लिहिते आहे. त्यांनी हो म्हटलं नाही, पण समोरून दौत उचलून नेली नाही. हे शेवटचं, ते त्यांनी सांगितलं आहे. म्हणाले, "आता ती भावाची पत्रं राहिली नाहीत, तेव्हा ती थांबली पाहिजेत." त्यात चूक काही नाही.

तू येऊन गेलास ते मला इंदिराबाईंकडून कळलं. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "तुमचा पितांबर स्टँडकडे चालला होता, मान खाली घालून. घरी आला नाही वाटतं? घोटभर पाणीसुद्धा नाही?" आई म्हणाली, "छे, तो जळगावला आहे." त्यावर इंदिराबाईंनी नुसतं "हो का" म्हटलं. त्यांचं 'हो का' तुला माहीत आहे.

नाना घरी आले ते काळ्या हातांनी. टोपलीत वांगी, वर केळीचं पान.  हात धुवायला बसले आणि घासतच राहिले, मी दोनदा पाणी घातलं. शेतावर तुमच्यात काय बोलणं झालं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. फक्त एवढंच म्हणाले की तो बोलत असताना दोन वांगी जळाली.

पाहुणे आले. जीवराम, त्यांची आई आणि एक चुलते. मी चहा घेऊन गेले. जीवरामांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे, चांगला झालाय." मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या माणसाची फार दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. त्यांच्या आईने मोठ्याने विचारलं, "मुलीचा भाऊ कुठे आहे? किती गुणी पोरगा. आमच्याकडे येऊन गेल्यापासून माझ्या तोंडात त्याचंच नाव." नानांनी सांगितलं, "त्याला काम निघालं." भरीत सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं. जाताना जीवरामांनी नानांना वाकून नमस्कार केला, म्हणाले, घरी जाऊन कळवतो.

काल त्यांचं कार्ड आलं. स्थळ सर्व बाजूंनी उत्तम आहे, परंतु पत्रिका जुळत नाही, क्षमा असावी.

आई थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, पण आपण त्यांना पत्रिका दिलीच कधी?"

नाना हसले. रविवारपासून पहिल्यांदा. हसले आणि मग कोपऱ्यात जाऊन कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "भला माणूस आहे. हातचा गेला."

तेव्हा मी बोलले. आता नाही बोलले तर पुढच्या वर्षी आणखी कोणी भला माणूस सायकल धरून स्टेशनवर उभा राहणार, असं मनात आलं. मी म्हटलं, "आई, मी पितांबरला ओवाळलं तेव्हा माझ्या मनात भाऊ नव्हता."

आईच्या हातात सूप होतं. ते तिने खाली ठेवलं. म्हणाली, "मग कोण समजून ओवाळलंस? निरांजन लावून, कुंकू लावून, देवासमोर?"

मी म्हटलं, "पाडव्याला बाईमाणूस नवऱ्याला ओवाळते, दुसऱ्या दिवशी भावाला. ताट तेच असतं, आई. माझा एक दिवस चुकला."

तिने मला मारलं. जोराने नाही, तिच्यात जोर कुठे आहे. मग तिलाच धाप लागली आणि मीच तिची पाठ चोळत बसले. ती म्हणत होती, हात लावू नकोस, आणि हात काढला की पुन्हा खोकत होती. संध्याकाळी मी काढा दिला तो तिने घेतला, पण माझ्याशी बोलत नाही. नानांशी बोलते ते मला ऐकू जाईल अशा आवाजात. "सगळ्या गल्लीला मी सांगितलं होतं. आता काय सांगू? भाऊ म्हणून जेवायला घातलं, आणि जावई म्हणून ताट वाढू?"  नानांचा हुक्का पण बंद आहे.

आई वाईट नाही. मला सांभाळायलाच तिने हे केलं होतं आणि माझ्यामुळेच तिला खोटं पडावं लागणार. ते मला जास्त लागतं. तुझ्याशिवाय मी राहीन की नाही हा प्रश्न नाही, माणूस राहतं. ट्रेनिंग सुरू झालं आहे, तक्ते पुरे करायचे आहेत, चूल आहे. पण मला राहायचं नाही. हे एकदा स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी माझ्या वतीने काही समजून घेणार नाही. तूसुद्धा.

नाना तुला काय कळवतील ते मला ठाऊक नाही. न कळवणं हेही त्यांचं उत्तर असू शकतं.

प्रमिला


जळगाव,
१५ जानेवारी

ती. नानांस साष्टांग नमस्कार.

प्रमिलाला पत्र लिहायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, ते मला कळलं. म्हणून हे तुम्हाला.

तुमच्या घरी जेवलो ते मुलगा म्हणून जेवलो. त्या दिवशी शेतावर तुम्ही मला एवढंच विचारलंत, "मग इतकी वर्षं आमच्यात बसून काय करत होतास?"   तुमच्यातून उठायचं नव्हतं म्हणून बसलो होतो, याहून बरं कारण माझ्याजवळ नाही.

संक्रांतीला आईकडे, नरडाण्याजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती तीळ निवडत होती, तिने ते थांबवलं नाही. आमची आई भागाबाई, तुम्ही तिला एकदाच पाहिलं आहे. तिला शहरी बोलता येत नाही, म्हणून तिचं तिच्याच बोलीत लिहितो. आधी तिला सगळ्या गावाचीच धास्ती वाटली, म्हणाली, "बठ्ठं गाव म्हनी, बहीणसंगे लगीन करं."  मग सूप झटकून म्हणाली, "पोर चांगली शे. लोके चार दिन बोलतीन, मंग थकी जातीन." आणि मला तिळगूळ देऊन झोपायला पाठवलं, कारण माझा खोकला ऐकून तिला माझं लग्न आधी की औषध आधी, असं झालं होतं.

आई तयार आहे असं मी म्हणत नाही. ती थकलेली आहे आणि वाद तिला नको आहे, एवढंच. पण ती तुमच्या दारी येईल, तुम्ही बोलावलंत तर.

तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा धुळ्याचं नाव काढणार नाही. काकूंचं मन मोडलं ते भरून द्यायला माझ्याजवळ काही नाही. तुमच्या अंगणातली खोली रिकामी असेल तर कोणा गरजू मुलाला द्या.

आपला,
पितांबर


धुळे,
२४ जानेवारी १९७०

चि. पितांबर यास रुपचंदनानाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मुद्दाम पाकिटात लिहितो आहे, कार्डावर मावले असते तरी.

येथे सर्व ठीक. थंडी ओसरत आहे, हिचा दमा त्यामानाने कमी. प्रमिलाशी ती परवापासून बोलू लागली. पहिले वाक्य होते, "मीठ जास्त झालंय." दुसरे तुझ्याबद्दल होते, ते मी लिहीत नाही.

तुझे पत्र मी चार दिवस तसेच फडताळात ठेवून दिले. मला वाटत होते, बायकांनी जुळवलेले बायकांनी निस्तरावे. शेवटी हिनेच विषय काढला. तिचे म्हणणे असे की, तीन भाऊबीजा गल्लीने डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्या नाहीत म्हणता येणार नाहीत. पण एक भाऊबीज रिकामी गेली, आणि पोरीने ताट हातात घेतले नाही, तर लोकांना आपोआप कळते की काही बदलले आहे. मग आपण सांगायला जायचे नाही, त्यांनी विचारायला यायचे. मला हे पटले. पटले नसते तरी या वयात मी तिच्याशी भांडायचे सोडून दिले आहे.

प्रमिलाची परीक्षा एप्रिलात आहे. तोवर आणि त्यानंतरही तिला पत्र पाठवू नये. मलाही वारंवार पाठवू नये. जळगावात कोणी विचारले तर आमच्याकडे येणेजाणे कमी झाले आहे एवढेच सांगावे.

खोली भाड्याने दिलेली नाही. वांग्याचे बी आणि हिची सरपणाची लाकडे ठेवली आहेत.

यंदा दिवाळीला येऊ नये. भाऊबीजेला तर नाहीच नाही. इंदिराबाईंनी विचारले की पितांबर का आला नाही, तर काय सांगायचे ते हिने आत्ताच ठरवून ठेवले आहे. तुझ्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. तुळशीचे लग्न लागले की त्यांना घेऊन यावे. सकाळच्या गाडीने यावे म्हणजे जेवायला वेळेवर पोचाल. अंगणाच्या बाजूने येऊ नये, पुढच्या दाराने यावे.

औषध घेत जावे. कळावे.